मावशी, पुस्तक घेऊ की वर्गणी भरू?

परवा रात्री (म्हणजे माझी रात्र, पुण्यातली सकाळ) भाच्याचा फोन आला. हा मुलगा एरवी फोन करत नाही, वाढदिवसालासुद्धा नुसता एक अंगठा पाठवतो, त्यामुळे आधी माझ्या पोटात गोळाच आला. तर म्हणाला, "मावशी, तू ते डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतेस ना अजून? आम्ही कॉलेजात सहाजणांनी सुरू करायचं ठरवलंय. पुस्तकं घेऊ की ऑनलाईन वर्गणी भरू? सगळ्यांचे मिळून जेवढे जमलेत त्यात एकच काहीतरी होईल."

मी म्हटलं, "उद्या सांगते." तो म्हणाला, "अगं, पुस्तक का ऑनलाईन, एका शब्दात सांग ना!"

एका शब्दात कसं सांगणार? वीस-बावीस वर्षं मी ह्या एका प्रश्नावर मत बदलत आलेय. म्हणून हे सगळं लिहायला बसले. तो वाचेल अशी आशा आहे. नाही वाचलं तर ताई, तू वाचून दाखव.

आधी आईसाठी आणि कुडाळच्या मामांसाठी खुलासा, कारण दर भारतभेटीत "तुम्ही शनिवारी नेमकं करता काय?" हा प्रश्न येतोच. मामा, तुम्ही दशावतार बघत मोठे झालात. दशावतारात संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि मग रात्रभर संवाद जागच्या जागी सुचेल तसे. आमचंही तसंच आहे, फक्त प्रेक्षक नाहीत आणि रंगही फासत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एकजण सूत्रधार. सूत्रधार सांगतो, "समोर दगडी दार आहे, पलीकडून घोरण्याचा आवाज येतोय." मग माझं पात्र काय करणार ते मी सांगायचं. ते जमलं की फसलं हे फाशावर ठरतं, आणि तो फासा वीस बाजूंचा असतो. पुस्तक लागतं ते ह्यासाठी: कुठल्या फाशाला काय, तलवारीने किती लागतं, घोरणारा राक्षस कसला आहे, मंत्र किती वेळ टिकतो. पुस्तकात गोष्ट नसते. गोष्ट टेबलावर होते.

ह्या खेळाचा अर्धा जन्म मी राहते त्या सेंट पॉलमधलाच. लष्करी सरावासाठी टेबलावर लढाया खेळायची प्रथा प्रशियात एकोणिसाव्या शतकातच होती, आणि तिथून ती हौशी लोकांकडे आली, तो इतिहास मोठा आहे, इथे नको. १९६९ साली मिनियापोलिस-सेंट पॉलच्या अशाच एका हौशी मंडळात डेव्हिड वेस्ली ह्याने एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला, ज्यात प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकच माणूस दिला. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ मधे ती कल्पना उचलून ब्लॅकमूर नावाचं आपलं जग सुरू केलं. किल्ला, किल्ल्याखालची भुयारं, त्यात राक्षस. खेळाडू तेच, पात्रं तीच, आणि गोष्ट आठवड्यामागून आठवडे पुढे सरकणारी. त्याचे नियम त्याच्या स्वतःच्या फायलीत असत, आणि खेळाडूंना ते बघायला मिळत नसत. सूत्रधार सांगेल ते खरं.

दुसरं अर्ध विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातलं. गॅरी गायगॅक्स हा तिथला माणूस, १९७० मधे विमा कंपनीतली नोकरी गेली, मग घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून संसार चालवत होता आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत होता. आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस तिकडे जाऊन ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्स वेडाच झाला आणि म्हणाला, नियम पाठव. आर्नेसनने पाठवली ती वीसेक पानांची टिपणं. म्हणजे ज्या खेळाच्या पुस्तकांवर आज एवढा धंदा उभा आहे, तो आधी पुस्तकाशिवाय चालत होता, आणि पुस्तक झालं ते एका माणसाला दुसऱ्या गावी तोच खेळ खेळता यावा म्हणून. भाच्या, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

जानेवारी १९७४ मधे डबा बाहेर आला. लाकडाच्या रेषांचं चित्र असलेला कागदी डबा, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००, आणि डबे घरच्या घरी हाताने भरलेले. त्या पुस्तिका मी पुनर्मुद्रणात वाचल्यात आणि प्रामाणिकपणे सांगते, नवख्या माणसाला त्यावरून खेळताच येणार नाही. अर्ध्या गोष्टी गृहीत धरलेल्या, लढाईसाठी दुसऱ्याच एका पुस्तकाचा हवाला, रानावनातल्या प्रवासासाठी तर चक्क दुसऱ्या कंपनीचा पटावरचा खेळ विकत आणा असं सांगितलेलं. आणि शेवटी लेखक म्हणतात की अडलं तर तुम्हीच ठरवा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची?

१० डॉलर तेव्हा कॉलेजातल्या पोरांना जड होते. मग पोरांनी काय केलं? झेरॉक्स. हजार प्रती विकल्या गेल्या त्याच्या कितीतरी पट लोकांनी तो खेळ फोटोकॉपीवरून शिकला. आणि प्रत काढताना जे कळलं नाही तिथे आपल्या मनाने भर घातली. १९७५ पासून लॉस एंजेलिसहून एक नियतकालिक निघायला लागलं, ज्यात ठिकठिकाणचे लोक आपापल्या टेबलावरचे नियम लिहून पाठवत आणि एकमेकांशी हिरीरीने भांडत. कॅल्टेकच्या मुलांनी तर स्वतःची वेगळीच नियमावली छापली. पुस्तक अपुरं होतं म्हणून प्रत्येक टेबलाला ते पुरं करावं लागलं. मला वाटतं ह्या खेळाचं भाग्य त्या अपुरेपणात होतं.

आता गंमत बघा. लोकांना वाटतं की आधी पुस्तकं होती आणि संगणक मागाहून आला. डबा १९७४ चा. १९७५ मधे इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो ह्या संगणकप्रणालीवर (नारिंगी अक्षरांचे पडदे होते तिचे) कुणी एकाने भुयारात उतरून राक्षस मारायचा खेळ लिहून ठेवला. यंत्र अभ्यासासाठी होतं, खेळासाठी नव्हे, म्हणून त्याने तो "पेडिट५" अशा रटाळ नावाच्या फायलीत ठेवला. पत्ता लागायचा तो लागलाच, आणि यंत्र सांभाळणाऱ्यांनी तो पुसून टाकला. पोरांनी परत घातला. पुन्हा पुसला. (पुढे कुणीतरी जपलेल्या प्रतीमुळे तो आजही खेळता येतो.) पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण मला ती वाचताना दर वेळी वाटतं की आजच्या भांडणाची सगळी पात्रं इथे आधीच येऊन बसली आहेत. यंत्र ज्याचं, पुसायचा खटका त्याच्या हातात.

असो. माझी गोष्ट सांगते.

मी १९९९ मधे इथे आले आणि २००१ च्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने "शनिवारी काय करतेस?" असं विचारलं. उणे वीस तापमानात शनिवारी माणूस काय करणार! ते गृहस्थ माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. तेच आमचे सूत्रधार. त्यांच्याकडे १९७८ चं प्लेयर्स हँडबुक होतं, कॉलेजात असताना घेतलेलं, मुखपृष्ठावर एका अक्राळविक्राळ मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उपटणारे दोन चोर. १२८ पानं, जाड पुठ्ठा. तोवर गायगॅक्सचा सूर बदलला होता. ही नवी पुस्तकं एवढ्यासाठी होती की सगळीकडे, विशेषतः स्पर्धांमधे, नियम एकच असावेत. पण सूत्रधारांच्या प्रतीचे समास शिसपेनीने भरले होते. काही ओळींवर काट, काही ठिकाणी बाण, तारखा. आम्ही खेळत होतो २००० सालची नवी आवृत्ती, तरी अडलं की ते त्या जुन्या पुस्तकाचे समास बघत.

त्यातला १९८७ चा एक नियम सांगते. पात्र मेलं, तर टेबलावरच्या बाकी प्रत्येकाने त्याची एकेक आठवण सांगायची, आणि सगळ्यांची सांगून झाली की त्याला शेवटचा एक फासा टाकायला मिळणार. वीस पडला तर जगला. छापील पुस्तकात असलं काही नाही. माझं पहिलं पात्र, एक चोरटी बुटकी, ह्याच नियमाने दोनदा मेली आणि एकदा वाचली.

आता पुस्तकवाल्यांची बाजू फार गोड होऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी. १९८५ मधे अनअर्थ्ड आर्केना नावाचं एक पुस्तक आलं, त्याची बांधणी इतकी वाईट की पानं गळायची. सूत्रधारांची प्रत रबरबँडात गुंडाळलेली असे. १९८९ ची हकीकत तर फारच मासलेवाईक. राक्षसांची यादी वाढत चालली, म्हणून कंपनीने पुस्तकाऐवजी सुटी पानं आणि ती लावायला मोठी फाइल काढली. कल्पना नामी होती: नवे राक्षस आले की त्यांची पानं अक्षरक्रमाने मधे घालायची, आज जे लागतील तेवढीच काढून हाताशी ठेवायची. विदागाराची कल्पनाच म्हणा, पण कागदावर. फसली का? कारण पानं पाठपोट छापली होती. पुढच्या बाजूला एक राक्षस, मागे दुसराच. नवं पान मधे घालायला जावं तर अक्षरक्रम लागेच ना! शिवाय भोकं फाटत. १९९३ मधे मुकाट्याने परत एक जाड पुस्तक काढलं.

आणि माझी स्वतःची फजिती. २०११ च्या वसंतात बर्फ वितळत असताना रात्री वीज गेली, तळघरातला पाणी उपसायचा पंप बंद पडला, आणि सकाळी खाली उतरले तर घोटाभर पाणी. खालच्या फळीवर माझी तिसऱ्या आवृत्तीची तिन्ही पुस्तकं. गुळगुळीत कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते हे मला त्या दिवशी कळलं. हेअर ड्रायर घेऊन बसले होते, नवरा दारात उभा राहून काही न बोलण्याचा प्रयत्न करत होता. नियम मात्र त्याच संध्याकाळी परत मिळाले, कारण २००० सालीच त्या आवृत्तीचा गाभा मुक्त परवान्याखाली दिला गेला होता आणि जालावर कुणीही तो फुकट वाचू शकत होतं. गेली ती दहा वर्षांची माझी टिपणं. आणि पहिल्या बुटकीचा कागद.

तेव्हापासून काही वर्षं मी पक्की डिजिटलवादी होते. सूत्रधार हसायचे.

त्यांच्या हसण्याला कारण होतं. २००९ चा एप्रिल आम्हा दोघांनाही आठवत होता. तोवर कंपनी जुन्या-नव्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती विकत असे. ६ एप्रिलला तिने एका दिवसात सगळ्यांची विक्री थांबवली, चोरट्या प्रतींचं कारण देऊन, आणि आठजणांवर खटले भरले. ज्यांनी रीतसर पैसे देऊन फायली घेतल्या होत्या आणि त्या पुन्हा उतरवून घेता येतील म्हणून निवांत होते, त्यांना कुठे काही तासांची मुदत मिळाली, कुठे तीही नाही. दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, डेव्ह आर्नेसन वारला. इथेच, सेंट पॉलमधे. (गायगॅक्स आदल्या वर्षीच्या मार्चमधे गेला होता.) त्या शनिवारी आम्ही खेळलो नाही, नुसत्या गप्पा मारल्या. त्या फायली अधिकृतपणे परत विकायला लागल्या त्या जानेवारी २०१३ मधे, जवळजवळ चार वर्षांनी.

त्याच सुमारास चौथ्या आवृत्तीबरोबर मासिक वर्गणीचं एक साधन आलं होतं. पात्र तयार करायचा त्यातला प्रोग्राम फार सुरेख होता, मी नाकारणार नाही. त्या आवृत्तीत इतकी बेरीज-वजाबाकी होती की कागदावर करताना चहा गार व्हायचा. आधी तो आपल्या संगणकावर उतरवून घेता येई, २०१० च्या नोव्हेंबरपासून फक्त जालावर, सिल्व्हरलाईट नावाच्या तंत्रावर चालणारा. पुढे ते तंत्रच अस्ताला गेलं, आणि २०१९ संपता संपता ते साधनही बंद झालं. तिथे ठेवलेली लोकांची पात्रं त्याबरोबर गेली. १९७८ चं हँडबुक मात्र त्या दिवशीही उघडत होतं.

एवढं झाल्यावर पुस्तकांचा विजय असो म्हणून लेख संपवायला हरकत नव्हती. पण मार्च २०२० आला.

आमच्या टेबलावर तेव्हा पाचजण. एकजण ॲरिझोनाला राहायला गेलेला, म्हणून खेळ सुटलेला. एकीची नजर झपाट्याने कमी होत होती, छापील पुस्तकातली ती बारीक अक्षरं तिला दिसेनात, आणि ती "मी आपली ऐकत बसते" म्हणायला लागली होती. टाळेबंदीत आम्ही सगळे एका संकेतस्थळावर गेलो. काय सांगू! ॲरिझोनावाला परत आला. ती अक्षरं हवी तेवढी मोठी करून वाचायला लागली, आणि दोन महिन्यांत नियमांवरून सूत्रधारांशी भांडायलाही लागली. पुस्तकं सूत्रधारांनी तिथे एकदाच विकत घेतली आणि त्यांच्या वर्गणीत ती आम्हा सगळ्यांना वाचता येत. एकाच्या खर्चात सहाजण. आमच्याकडे कुणाला टेबलच उरलं नव्हतं तेव्हा त्या पडद्याने टेबल दिलं. जे लोक जालावरच्या खेळाला खोटा खेळ म्हणतात त्यांच्याशी मी त्या वर्षानंतर वाद घालत नाही, नुसता विषय बदलते.

खटकलं ते एकच. त्या उन्हाळ्यात ॲरिझोनावाल्याचं पात्र मेलं. प्रोग्रामने तीन हुकलेले फासे मोजले आणि पात्राच्या नावावर कवटी आणली. आम्ही आठवणी सांगायला सुरुवात केली, सगळ्यांच्या झाल्या, आणि मग शेवटचा फासा टाकायला त्या पडद्यावर जागाच नव्हती. मेलेल्या पात्राला फासा टाकता येत नव्हता. सूत्रधारांनी आपल्या स्वयंपाकघरात खरा फासा टाकला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. सतरा. मेलाच तो. पण नियम पुस्तकातून यंत्रात गेले की काय बदलतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. पुस्तक नियम सांगतं आणि गप्प बसतं, अंमल टेबल करतं, वाटलं तर करत नाही. यंत्र स्वतःच अंमल करतं. ज्या अपुरेपणामुळे १९७४ मधे प्रत्येक टेबल वेगळं झालं, तो भरून काढण्यासाठीच तर यंत्र बनवलेलं असतं.

सूत्रधार २०२१ च्या फेब्रुवारीत गेले. हृदयविकार, झोपेतच. अंत्यविधीला कुणाला जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही शनिवारी नेहमीच्या वेळेला पडद्यावर जमलो आणि प्रत्येकाने एकेक आठवण सांगितली. नियमातला पुढचा भाग सगळ्यांना आठवत होता. कुणी बोललं नाही.

दोन महिन्यांनी त्यांची वर्गणी संपली, आणि आमच्या पडद्यांवरून पुस्तकं गेली. नकाशे, वर्षभराच्या नोंदी, सगळं त्यांच्या खात्यात होतं आणि परवलीचा शब्द त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हता. त्या संकेतस्थळाचं नाव घेत नाही, कारण अटींमधे ते स्वच्छ लिहिलेलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. त्यांच्या पत्नीने मग एक दिवस मला घरी बोलावून एक खोका दिला. १९७८ चं हँडबुक, रबरबँडातली ती गळकी आर्केना, आणि एक फाइल, ज्यात १९८० पासूनच्या मोहिमांचे कागद. ह्यातला कुठलाही कागद वाचायला मला कुणाची परवानगी लागत नाही. आता हा खोका तळघरात नाही, माडीवर आहे!

त्यानंतरच्या घडामोडी तुम्हा बऱ्याच जणांना माहीत असतील, भराभर सांगते. २०१७ मधे सुरू झालेलं आणि दोन मालकांकडून गेलेलं डी अँड डी बियाँड हे संकेतस्थळ २०२२ मधे खेळाची मूळ मालक कंपनी हॅस्ब्रो हिने १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतलं. म्हणजे नियम लिहिणारा, पुस्तक छापणारा आणि यंत्र चालवणारा एकच झाला. जानेवारी २०२३ मधे बातमी फुटली की २००० सालचा तो मुक्त परवाना मोडीत काढून नवा, रॉयल्टी मागणारा परवाना आणायचा बेत आहे. लोक इतके खवळले की वर्गण्या धडाधड रद्द झाल्या. तीन-चार आठवड्यांत कंपनीने माघार तर घेतलीच, वर पाचव्या आवृत्तीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देऊन टाकला, जो परत घेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मधे पुन्हा तेच छोट्या प्रमाणावर: नवी आवृत्ती येणार म्हणून लोकांच्या पात्रांच्या कागदावरचे जुने मंत्र आपोआप बदलून नव्या नियमांचे करणार असं जाहीर झालं, ओरडा झाला, काही दिवसांत फिरवलं. दोन्ही वेळा लोक जिंकले हे खरं. पण माझ्या माडीवरच्या पुस्तकातला मंत्र बदलू नये म्हणून मला कुणावर ओरडावं लागलं नव्हतं.

तर भाच्या, तुझं उत्तर. तुमचे जमलेले पैसे आत्ता कशावरच घालू नका.

त्या क्रिएटिव्ह कॉमन्समधल्या गाभ्याची पीडीएफ फुकट आणि कायदेशीर आहे, चारशेच्या आसपास पानं. २०२५ मधे नव्या आवृत्तीचाही तसाच गाभा आलाय, पण सहाहीजणांनी एकच घ्या, दोन्हींची सरमिसळ नको. त्यात सगळं नाही. प्रत्येक वर्गाची एकेकच उपशाखा आहे, काही नामांकित राक्षस गाळलेत. अपुरं आहे. चांगलंच आहे ते. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा आणि छापून घ्या. फोनवर प्रत्येकाकडे प्रत ठेवा, शोधाशोध तिथे करा, त्यात काही कमीपणा नाही, मीही करते. पण टेबलावर एक कागदाची प्रत असू दे, सहाजणांत एकच, आणि तिच्या शेजारी पेन्सिल. पेन नको. फासे मात्र खरे घ्या. चार-सहा महिने खेळून टिकलात तर एक छापील हँडबुक वर्गणी काढून घ्या. आणि दोन वर्षांनी कुणी बंगलोरला, कुणी जर्मनीला गेला की संकेतस्थळाची वर्गणी भरा, तेव्हा ती खरी कामाची. फक्त खातं एकट्याच्या नावावर असलं तरी परवलीचा शब्द दोघांना माहीत असू दे, आणि दर खेळानंतर पात्राचा कागद उतरवून ठेवा.

एवढं सगळं मी त्याला काल फोनवर सांगितलं, हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा. तो मधेमधे "हं, हं" करत होता, मला वाटलं दुसरंच काही बघतोय. आज सकाळी उठले तर निरोप येऊन पडलेला: "मावशी, दुकानात उभा आहे. काका विचारतायत, पाठपोट काढू की एका बाजूने? पाठपोट स्वस्त पडतंय."

मी लिहिलं, नियमांची पानं पाठपोट चालतील. राक्षसांची एका बाजूने काढ, आणि स्पायरल करू नकोस, भोकं पाडून फाइलला लाव.